अग्निशमनाची पदवी आणि दूरशिक्षणाची वाट

१४ एप्रिलची सकाळ आपल्या विद्यालयात कशी उजाडते, हे या स्मरणिकेच्या वाचकांना वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही. पहाटेच वसतिगृहातील मुले-मुली आंघोळी आटोपून शुभ्र वेशात रांगेने उभी राहतात, त्रिसरण-पंचशील होते, बाबासाहेबांच्या प्रतिमेस पुष्पहार अर्पण होतो आणि मिरवणुकीची लगबग सुरू होते. त्याच सकाळी देशभरातील अग्निशमन केंद्रांच्या आवारातही एक रांग उभी असते. तेथील जवान आपल्या हुतात्मा सहकाऱ्यांना मानवंदना देतात आणि त्या दिवसापासून २० एप्रिलपर्यंत अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो. आपल्या परिसरात या दुसऱ्या स्मरणाचा उल्लेख क्वचितच होतो. या लेखाच्या निमित्ताने तो करावा, असे आम्हांस वाटते. कारण ज्या प्रश्नावर आम्ही लिहीत आहोत, त्याचे मूळ त्या घटनेत आहे.

१४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत उभ्या असलेल्या ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजावरील कापसाच्या गाठींनी पेट घेतला. त्याच जहाजात सुमारे १,४०० टन स्फोटके भरलेली होती. अग्निशमन दलाचे जवान जहाजावर पाण्याचा मारा करीत असतानाच दुपारी चारच्या सुमारास पहिला स्फोट झाला आणि अर्ध्या तासाच्या आत दुसरा. दलाचे ६६ जवान त्या दिवशी कामी आले. त्यांच्या धैर्यात काही उणे नव्हते. उणीव होती ती कापूस आणि स्फोटके एकाच जहाजात रचणाऱ्यांच्या समजुतीत, आणि आग लागल्याचे कळल्यावरही जहाज बुडवावे की गोदीबाहेर न्यावे, हे वेळेत ठरवू न शकणाऱ्यांच्या निर्णयशक्तीत. आगीशी झुंजणाऱ्या माणसाला सरावलेले हात लागतात आणि अभ्यासलेली बुद्धीही लागते. यांपैकी एकच गोष्ट असेल, तर तिची किंमत कोणाला तरी प्राणांनी मोजावी लागते.

गेल्या काही वर्षांत आमच्याकडे, म्हणजे या विद्यालयात शिकविणाऱ्या आम्हा शिक्षकांकडे, माजी विद्यार्थ्यांचे एक विचारणे वारंवार येऊ लागले आहे. भ्रमणध्वनीवर जाहिरात दिसते: घरबसल्या अग्निशमनाची पदवी मिळवा, नोकरीची हमी. “सर, हे घेऊ का?” असा तो प्रश्न असतो. विचारणारा मुलगा बहुधा शेतमजुराचा किंवा वीटभट्टीवर राबणाऱ्या आई-बापांचा असतो. बारावीनंतर नागपूर-पुण्याला राहून शिकण्याइतका पैसा घरात नसतो; म्हणून घरी राहून, काम करीत मिळणारी पदवी त्याला वरदान वाटते. त्याच्या प्रश्नाला “होय” किंवा “नाही” अशा एका शब्दात उत्तर देता येत नाही. परंतु उत्तर टाळणे हेही आमच्या कर्तव्यास शोभणारे नाही.

हा प्रश्न आपल्या जिल्ह्यात विशेष तीव्रतेने का विचारला जातो, याचे कारण आपणांस ठाऊक आहे. १ जुलै २०२३ रोजी मध्यरात्रीनंतर सिंदखेडराजा तालुक्यातील पिंपळखुटा शिवारात, समृद्धी महामार्गावर, नागपूरहून पुण्याकडे निघालेली एक खासगी बस उलटली आणि पेटली. बस दरवाजाच्या बाजूवर कलंडल्याने बाहेर पडण्याची नेहमीची वाटच बंद झाली. काच फोडून काही जण बाहेर पडू शकले. २५ प्रवासी आतच राहिले. देह ओळखूही येईनात, आणि शेवटी बुलढाण्यातच सामुदायिक अंत्यसंस्कार करावे लागले. त्या दिवसांत आमच्या वर्गांतील मुले गप्प झाली होती. पुढे त्यांच्यापैकी काहींनी विचारले, की बंबावर काम करण्यासाठी काय शिकावे लागते. अशा प्रश्नामागे केवळ नोकरीची ओढ नसते, हे शिक्षकाला कळते.

त्या एका रात्रीपुरता हा विषय मर्यादित नाही. खामगावच्या जिनिंगमधील कापूस, मळणीच्या आधी रानात रचलेली सोयाबीनची सुडी, उन्हाळ्यात पेटणारा गोठा आणि कडबा, ज्ञानगंगेच्या जंगलातील वणवा, महामार्गांवरून धावणारे इंधनाचे टँकर, दवाखान्यांतील प्राणवायूच्या नळ्या ही सारी आपल्याच जिल्ह्यातील आगीची ठिकाणे आहेत. ९ जानेवारी २०२१ रोजी भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षाला लागलेल्या आगीत १० अर्भके दगावली. तेथे जे घडले ते कोणत्याही जिल्ह्याच्या ठिकाणी घडू शकते. संविधानाच्या ७४ व्या दुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत अग्निशमन सेवा ही नगरपालिकांच्या कामांमध्ये नोंदलेली आहे. म्हणजे हे काम करणारी प्रशिक्षित माणसे छोट्या नगरपरिषदांनाच हवी आहेत, आणि तीच माणसे होण्याची इच्छा असलेली मुले आपल्या वसतिगृहांत आहेत. गरज आणि इच्छा यांच्या मध्ये शिक्षणाची जी वाट आहे, ती खरी आहे की फसवी, एवढेच पाहावयाचे आहे.

प्रथम दूरशिक्षणाच्या बाजूने जे सांगितले पाहिजे ते सांगतो. अग्निशमनाचे फार मोठे ज्ञान पुस्तकातून, पडद्यावरून आणि स्वाध्यायातून मिळू शकते. ज्वलनाचे रसायनशास्त्र, नळीतून वाहणाऱ्या पाण्याचा दाब आणि प्रवाह यांचे गणित, विजेच्या आगीवर पाणी का मारू नये याचे कारण, इमारतीत जिने आणि बाहेर पडण्याचे मार्ग किती व कसे असावेत याविषयी २०१६ च्या राष्ट्रीय इमारत संहितेने केलेले मार्गदर्शन, तसेच महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ यातील तरतुदी या सर्व गोष्टी चिखली किंवा मेहकर येथे बसून अभ्यासता येतात. आग विझविण्याइतकेच ती लागू न देणे महत्त्वाचे असते, आणि त्या कामाचा मोठा भाग तपासणीचा, आराखडे वाचण्याचा, अहवाल लिहिण्याचा असतो. त्यासाठी दूरशिक्षण अपुरे आहे, असे आम्ही म्हणणार नाही.

परंतु धुराने भरलेल्या खोलीत भिंतीला हात लावून सरपटत कसे जावे, पाठीवर श्वसनयंत्र बांधून पायऱ्या चढताना श्वास कसा राखावा, दाबाखालील नळीचा तोंडाकडचा पितळी भाग दोघांनी मिळून कसा पेलावा, शिडीवरून बेशुद्ध माणसाला खांद्यावर घेऊन कसे उतरावे, हे चित्रफितीत पाहून येत नाही. पोहण्याचे पुस्तक वाचून कोणी विहिरीत उडी घेत नाही. शिवाय हे एकट्याचे काम नाही. शेजारच्या जवानाच्या हाताचा अंदाज आपल्या हाताला असावा लागतो आणि तो रोजच्या कवायतीतूनच येतो. म्हणून ज्या पदवीत मैदान नाही, ती पदवी अग्निशमनाविषयीची माहिती देईल. तिने अग्निशामक घडणार नाही.

आमचे हे म्हणणे भावनेपुरते नाही. कायद्याचीही दिशा तीच आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या १९५६ च्या अधिनियमातील कलम २२ नुसार पदवी देण्याचा अधिकार कायद्याने स्थापन झालेल्या विद्यापीठांना, अभिमत विद्यापीठांना आणि संसदेने तसा अधिकार दिलेल्या संस्थांनाच आहे. चौकातील एखाद्या संस्थेने छापलेल्या कागदावर ‘पदवी’ असे लिहिले, म्हणून ती पदवी होत नाही. आयोगाच्या २०२० च्या मुक्त, दूरस्थ व ऑनलाइन शिक्षणविषयक विनियमांनी अभियांत्रिकी, वैद्यक, परिचर्या यांसारखे अभ्यासक्रम या पद्धतीने चालविण्यास मनाई केली आहे, आणि आपले नाव दुसऱ्याला वापरावयास देऊन केंद्रे चालविण्यासही मज्जाव केला आहे. म्हणून ‘फायर इंजिनिअरिंगची पदवी दूरशिक्षणाने’ अशी जाहिरात दिसली, की तेथेच थांबावे. ३ नोव्हेंबर २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने काही अभिमत विद्यापीठांनी दूरशिक्षणाने दिलेल्या अभियांत्रिकी पदव्यांविषयी निर्णय दिला. २००१ ते २००५ या काळात प्रवेश घेतलेल्यांच्या पदव्या परीक्षा उत्तीर्ण होईपर्यंत निलंबित झाल्या आणि त्यानंतरच्या रद्द ठरल्या. तांत्रिक शिक्षणाचा कणा प्रात्यक्षिक हाच आहे, हे न्यायालयाने त्या वेळी अधोरेखित केले. अनेकांनी वर्षानुवर्षे नोकरी केल्यावर त्यांच्या पायाखालची जमीन सरकली. ती झळ बसलेली माणसे आळशी नव्हती. त्यांनी प्रवेशाआधी जे विचारावयास हवे होते ते त्यांना कोणी सांगितले नव्हते.

आमच्याच एका माजी विद्यार्थ्याचा अनुभव येथे नोंदवितो. संस्थेचे नाव घेण्याचे कारण नाही. आईने बचत गटातून उचललेल्या पैशांतून त्याने शुल्क भरले. वर्षभर त्याला काही पुस्तिका मिळाल्या, परीक्षा झाली, सोनेरी किनारीचे प्रमाणपत्र हाती आले. नगरपरिषदेच्या भरतीत कागदपत्रांची छाननी करणाऱ्या लिपिकाने ते शांतपणे बाजूला ठेवले. जाहिरातीत मागितलेले प्रशिक्षण ते नव्हतेच. मुलगा आमच्याकडे आला तेव्हा त्याला पैशांपेक्षा गेलेल्या वर्षाचे दुःख अधिक होते. कारण शासकीय प्रशिक्षणासाठी लागणाऱ्या वयाची मर्यादा तोवर ओलांडली गेली होती.

मग वाट कोणती? आपल्या राज्यात नगरपरिषदा आणि महानगरपालिका यांच्या अग्निशामक पदाच्या भरतीत दहावी उत्तीर्ण असण्याबरोबर राज्याच्या अग्निशमन प्रशिक्षण केंद्राचा सहा महिन्यांचा अग्निशामक पाठ्यक्रम पूर्ण केल्याची अट सामान्यतः असते. त्यासाठी उंची, छाती, वजन, दृष्टी यांचे निकष असतात आणि धावणे व चढणे यांची चाचणी होते. अधिकारी होऊ इच्छिणाऱ्यांसाठी उपस्थानक अधिकारी पदाचा पाठ्यक्रम आहे. त्याहून पुढे जावयाचे असेल, तर केंद्रीय गृहमंत्रालयाचे राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय आपल्याच विदर्भात, नागपूर येथे आहे. १९५६ मध्ये उत्तर प्रदेशातील रामपूर येथे स्थापन झालेले हे महाविद्यालय दुसऱ्याच वर्षी नागपुरात आले. अग्निअभियांत्रिकीची पदवी तेथे मैदानासह शिकविली जाते. हर्षिनी कान्हेकर या देशातील पहिल्या महिला अग्निअभियंत्या याच महाविद्यालयातून २००० नंतरच्या दशकात बाहेर पडल्या. मुलांसाठीच घडविलेल्या त्या परिसरात एकटी मुलगी म्हणून त्या कवायतीला उभ्या राहिल्या. आमच्या वसतिगृहातील मुलींना आम्ही हे आवर्जून सांगतो.

दूरशिक्षणाची खरी जागा या वाटेवर आहे, पण ती आरंभी नाही. जो तरुण सहा महिन्यांचे प्रशिक्षण घेऊन एखाद्या नगरपरिषदेच्या बंबावर लागला आहे, त्याच्या पाळ्या बदलत असतात. तो नियमित महाविद्यालयात जाऊ शकत नाही. त्याच्या हातांना आग ठाऊक असते. त्याला हवा असतो तो अभ्यास आणि बढतीसाठी लागणारी पदवी. त्याच्यासाठी मुक्त विद्यापीठाची मान्यताप्राप्त पदवी, मग ती अग्निसुरक्षेशी संबंधित असो किंवा साध्या कला-विज्ञान शाखेची असो, उत्तम साधन आहे. मान्यताप्राप्त विद्यापीठाची कोणतीही पदवी पदवीधरांसाठीच्या स्पर्धा परीक्षांचे दार उघडते, हेही विसरू नये. अमेरिकेतील राष्ट्रीय अग्निशमन अकादमीने काही महाविद्यालयांच्या साहाय्याने दूरस्थ पदवीची योजना अनेक वर्षे चालविली, ती मुख्यतः सेवेतील जवानांसाठीच. पाळीवर असलेल्या माणसाला वर्गात येता येत नाही, हे तेथेही ओळखले गेले. परंतु नळी धरावयास शिकविण्याचे काम त्या योजनेने आपल्याकडे घेतले नाही. ते ज्या त्या दलाच्या मैदानावरच राहिले.

या मतावर एक आक्षेप येईल आणि तो आम्ही गांभीर्याने घेतो. दूरशिक्षण हे गरिबांचे शिक्षण आहे. त्यावर शंका घेणे म्हणजे पुन्हा एकदा दार लावून घेणे नव्हे काय? हा आक्षेप आपल्या परंपरेतूनच येतो. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय उभे केले, तेव्हा नोकरी करून शिकणाऱ्यांसाठी सकाळच्या वर्गांची सोय केली. १९८२ मध्ये हैदराबाद येथे स्थापन झालेले देशातील पहिले मुक्त विद्यापीठ आज त्यांचेच नाव धारण करते. १९८९ मध्ये नाशिक येथे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले आणि कितीतरी गृहिणी, शेतकरी व कामगार पदवीधर झाले. या वाटेबद्दल आम्हांस कृतज्ञताच आहे. परंतु सिद्धार्थ महाविद्यालयाने कष्टकऱ्यांसाठी वेळ बदलली. शिक्षणाचा कस कमी केला नाही. गरिबाला वेळेची, शुल्काची, अंतराची सवलत द्यावी. ज्ञानात सवलत दिली, तर त्याच्या हाती दुय्यम दर्जाचा कागद पडतो आणि तो कागद घेऊन तो आगीसमोर उभा राहतो. ही सवलत त्याच्याच जिवावर बेतणारी आहे, आणि ज्यांना वाचवावयास तो जाईल त्यांच्याही.

म्हणून शासनाकडे आणि मुक्त विद्यापीठांकडे आमचे एक मागणे आहे. सैद्धांतिक भाग दूरशिक्षणाने खुशाल शिकवावा. पण प्रात्यक्षिकाचा भाग विद्यार्थ्याच्या जवळ आणावा. बुलढाणा, खामगाव, मलकापूर, शेगाव यांसारख्या नगरपरिषदांच्या अग्निशमन केंद्रांना प्रात्यक्षिक केंद्राचा दर्जा, साधने आणि प्रशिक्षक देता येतील. सुट्टीच्या काळात आठवड्यांचे निवासी शिबिर घेता येईल, आणि निवासी शाळांची वसतिगृहे त्या काळात रिकामीच असतात. मैदान मुंबईला असणे आणि मुलगा मोताळ्याला असणे ही अडचण सोडवावयाची असेल, तर मैदान वगळणे हा उपाय नाही. ते मोताळ्याच्या जवळ आणले पाहिजे.

तोवर आपण काय करावे? प्रवेश घेण्यापूर्वी आमच्या प्रत्येक विद्यार्थ्याने पाच गोष्टी पाहाव्यात, असे आमचे सांगणे आहे. पदवी नेमके कोणते विद्यापीठ देणार? त्या विद्यापीठाला, त्याच अभ्यासक्रमासाठी, त्याच वर्षी आयोगाच्या दूरशिक्षण मंडळाची मान्यता आहे काय? अभ्यासक्रमाच्या नावात अभियांत्रिकी हा शब्द आहे काय? प्रात्यक्षिक कोठे, किती दिवस आणि कोणाच्या देखरेखीखाली होणार? आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, ज्या पदासाठी आपण शिकत आहोत, त्या पदाच्या अलीकडच्या भरतीच्या जाहिरातीत नेमकी कोणती अर्हता मागितली आहे? या पाचही प्रश्नांची उत्तरे लेखी मिळाल्याशिवाय आईच्या हातातील एक रुपयाही कोणाला देऊ नये. ती उत्तरे शोधण्यासाठी विद्यालयाच्या कार्यालयात यावे. संगणक आहे आणि आम्ही आहोत.

शेवटी आमच्या स्वतःच्या घराकडे वळतो. १६ जुलै २००४ रोजी तामिळनाडूतील कुंभकोणम येथे शाळेच्या स्वयंपाकघरातील आग गवती छपराला लागली आणि ९४ मुले दगावली. निवासी शाळा चालविणाऱ्या प्रत्येकाने तो आकडा भिंतीवर लिहून ठेवावा असा आहे. आमच्याकडेही स्वयंपाकगृह आहे, गॅस सिलिंडर आहेत, थंडीच्या रात्री दारे-खिडक्या लावून झोपणारी मुले आहेत. राज्याच्या कायद्याने ज्या इमारतींना अग्निसुरक्षा लागू आहे, त्यांच्या मालकांनी जानेवारी आणि जुलै महिन्यांत यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे प्रमाणपत्र द्यावयाचे असते. कागद त्या त्या महिन्यात जाईल. पण त्याच दोन महिन्यांत वसतिगृहातील मुलांनी रात्रीच्या वेळी शिस्तीने बाहेर पडण्याचा सरावही करावा, प्रत्येक गृहपालाने अग्निरोधक सिलिंडरची खीळ स्वतःच्या हाताने काढून पाहिलेली असावी आणि बाहेर पडण्याच्या कोणत्याही दाराला रात्री कुलूप नसावे, असा प्रस्ताव आम्ही संस्थेपुढे ठेवीत आहोत.

आणखी एक प्रस्ताव येत्या १४ एप्रिलसाठी आहे. मिरवणूक दुपारनंतर निघते. त्यापूर्वी नगरपरिषदेच्या अग्निशमन दलास विद्यालयाच्या मैदानावर बोलवावे. ६६ जवानांसाठी दोन मिनिटे मौन पाळावे. मग मुलांनी बंबाची नळी एकदा आपल्या हातांनी धरून पाहावी. पाण्याचा दाब सुटताच हात कसा मागे फेकला जातो, ते त्यांना कळू द्यावे. ज्याला त्यानंतरही हे काम करावेसे वाटेल, त्याच्या कागदपत्रांची पूर्तता आम्ही त्याच आठवड्यात करून देऊ.